जंगलातली कोणती औषधी वनस्पती आधी संपेल, हे गावानं कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आंबेगाव तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या एका गावात जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहात. तुमच्या रानातून हिरडा, वावडिंग, गुळवेल, मुसळी आणि अधूनमधून नरक्याचं लाकूड बाहेर जातं. व्यापारी म्हणतो माल भरपूर आहे, गावातली म्हातारी माणसं म्हणतात पूर्वीचं काही उरलं नाही. खरं कोणाचं धरायचं आणि धोक्यातल्या वनस्पतींची यादी कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलं आहे.

यादी मिळते, ती जवळ ठेवा. पण ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची लाल यादी सांगते की एखादी जात जगातूनच नाहीशी होण्याचा धोका किती आहे. सीता-अशोक त्या यादीत 'असुरक्षित' या वर्गात आहे, ही माहिती मोलाची आहे. तुम्हाला मात्र हवं आहे ते असं: आमच्या या डोंगरातून, या पद्धतीनं, इतका माल दरवर्षी काढला तर ही वनस्पती तो सोसेल का? भारतभर सापडणारी वनस्पती तुमच्या शिवारातून चार-पाच हंगामांत संपू शकते. उलट एखादी खरोखर दुर्मीळ वनस्पती कोणी तिला हात लावत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकाच कड्यावर टिकून राहते. मी बावीस वर्षं सह्याद्रीत वनस्पतींची मोजणी करते आहे, आणि दुर्मीळपणा आणि तोडीचा धोका या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे झालेली गफलत सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

दुर्मीळपणासुद्धा एका प्रकारचा नसतो. डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली त्याची सोपी फोड करून दाखवली. तीन प्रश्न विचारायचे. ही वनस्पती किती मोठ्या प्रदेशात आढळते? कुठेही उगवते की तिला ठरावीकच जागा लागते, म्हणजे ओढ्याचा काठ, कातळसडा, सदाहरित रानाची सावली? आणि जिथे असते तिथे दाटीनं असते की तुरळक? तीन प्रश्नांची दोन-दोन उत्तरं धरली की आठ जोड्या होतात. त्यातली एकच सर्व अर्थांनी 'सामान्य' असते, बाकी सात या ना त्या अर्थानं दुर्मीळ. वरचा व्यापारी आणि गावातली आजी एकाच वनस्पतीबद्दल वेगळं बोलतात याचं एक कारण इथे आहे. व्यापारी चार तालुक्यांतून माल गोळा करतो, त्याच्या दृष्टीनं प्रदेश मोठा. आजी एका ओढ्याबद्दल बोलत असते.

पहिलं काम ओळखीचं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. बाजारातलं नाव आणि रानातली जात यांची सांगड नीट बसलेली नसते. 'वावडिंग' म्हणून एम्बेलिया या वंशातल्या एकाहून जास्त जातींची फळं विकली जातात, आणि त्यात आटकी या वेगळ्याच झुडपाची फळंही मिसळतात. काही भागांत नरक्यालाच अमृता म्हणतात, आणि गुळवेलीचं संस्कृत नावही अमृताच. मुसळीच्या बाबतीत तर क्लोरोफायटम या तिच्या वंशातल्या कितीतरी जाती पानांवरून सारख्याच दिसतात. बाजार जिच्यामागे असतो त्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलं आहे, बोरिविलियानम. एका नावाखाली तीन जाती मोजल्या तर मोजणी भरघोस दिसते आणि त्यातली एक जात नाहीशी झाल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जो माल खरोखर पोत्यात भरला जातो त्याचा नमुना घ्या, तो ज्या झाडावरून काढला ते झाड दाखवायला सांगा, आणि पान, फूल, फळ असलेली फांदी वाळवून जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागाला दाखवा.

मग विचारायचं की झाडाचं काय नेतात. पान, फूल, फळ नेलं तर झाड उभं राहतं. साल सोलली तर काही झाडं वाचतात, काही नाही, आणि खोडाभोवती पूर्ण कडं काढलं तर बहुतेक मरतात. मूळ, कंद किंवा अख्खं झाड नेलं तर ते झाड गेलंच. एवढं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण यावर थांबू नका. वावडिंगाचं फळच घेतात, म्हणजे कागदावर धोका कमी. प्रत्यक्षात ती उंच झाडांवर चढलेली जाडजूड वेल असते, फळं वर असतात, आणि घाईत असलेला माणूस ती खालूनच तोडून ओढतो. त्या वेलीला पुन्हा तिथवर चढायला किती वर्षं लागतील याचा विचार करा. गुळवेलीचं बरोबर उलटं. तिथे नेतात ते खोडच, पण वेल खालून तोडली तरी वर राहिलेला भाग हवेतून मुळं सोडतो, ती जमिनीला टेकतात आणि वेल पुन्हा उभी राहते. तोडलेला तुकडा कुंपणावर टाकला तरी फुटतो. फक्त लक्षात ठेवा, गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. तुकड्यांतून वेली वाढतील, पण त्या सगळ्या एकाच वेलीच्या असतील तर बी धरणार नाही. कोकणात कोकमाच्या बाबतीत हेच होतं. फळ देत नाही म्हणून बागेतलं नराचं झाड तोडून टाकतात.

मुसळीत तर सगळं खणणाऱ्याच्या हातात असतं. जमिनीखाली मुळ्यांचा झुबका असतो, आणि तो जिथे पानांच्या बुडाला जोडलेला असतो तिथे चकतीसारखा भाग असतो. डोळा तिथे असतो. नुसती मुळी पुरली तर फुटत नाही. चकती आणि एक-दोन मुळ्या परत मातीत ठेवल्या तर पुढच्या पावसात रोप उगवतं, शेतात लागवड करणारेही हेच करतात. म्हणून मुसळीच्या बाबतीत 'किती किलो काढली' यापेक्षा 'चकती परत ठेवली का' आणि 'बी पडायच्या आधी खणली की नंतर' हे दोन प्रश्न मला जास्त सांगून जातात.

नरक्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात आपला सगळा प्रश्न एकवटला आहे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. कर्करोगावरची टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं त्यातूनच पुढे तयार झाली. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं, आणि भरपूर प्रमाणात सापडलं. तोवर ज्या झाडाच्या फुलांचा वास आला की आपण नाक मुरडायचो, ते अचानक मोलाचं झालं. द्रव्य मुळांत जास्त, म्हणून झाड मुळासकट उपटायची चाल पडली. मी कामाला लागले तेव्हा सह्याद्रीतल्या एका खिंडीत एका ओळीनं असे उपटलेले खड्डे पाहिले, आणि त्यांच्या कडेनं पडलेली, कोणी न नेलेली पानं. नरक्या खोडापासून तोडला तर बुंध्यातून चांगला फुटवा येतो. म्हणजे तेच झाड, तोच बाजार, पण कुऱ्हाड जमिनीच्या वर चालली की खाली, यावर झाड राहणार की जाणार हे ठरतं. तरी फुटवा येतो म्हणून निर्धास्त होऊ नका. दर दोन-तीन वर्षांनी तोडलेला बुंधा जिवंत राहतो पण फुलण्याइतका मोठा होत नाही, आणि बी नसेल तर तो बुंधा मरेपर्यंतच ती वनस्पती तिथे आहे.

आता हिरड्याकडे येते, कारण तुमच्या गावाचा पैसा त्यात आहे आणि माझी स्वतःची मोठी चूकही त्यातच झाली. सुरुवातीच्या काळात एका गावासाठी मी लिहून दिलं होतं की हिरड्याला काही धोका नाही. फळ घेतात, झाड उभं आहे, दरवर्षी लगडतं, मग धोका कसला? सहा वर्षांनी त्याच रानात झाडांच्या खोडाचा घेर मोजला तेव्हा ध्यानात आलं की झाडं सगळी मोठीच आहेत. हाताच्या मनगटाएवढं हिरड्याचं झाड शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला. फक्त वयस्कर माणसं उरलेलं गाव असावं तसं ते रान होतं. आज गजबजलेलं दिसतं, पण पाळणा एकाही घरात नाही.

कारण तुम्हाला माहीतच आहे. बाळहिरडा आठळी धरण्याआधी काढायचा असतो, भाव त्यालाच. म्हणजे काढलेलं प्रत्येक फळ हे कधी न झालेलं बी. जी फळं झाडावर राहून पिकतात त्यांची आठळी इतकी कठीण की रुजायला वेळ घेते. रुजलेलं रोप गुरांच्या तोंडी पडतं किंवा उन्हाळ्यातल्या वणव्यात होरपळतं. यातलं नेमकं कुठलं कारण तुमच्या रानात मुख्य आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. काही ठिकाणी तोड जवळजवळ निर्दोष असते आणि वणवाच सगळं करतो. म्हणून मोजायचं.

मोजणी गावाला जमण्यासारखी आहे. दहा मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब असा पट्टा दोरीनं आखा, म्हणजे साधारण दहा गुंठे होतात. पट्टे निवडताना चांगलं रान शोधत बसू नका. निम्मे पट्टे गावाजवळ, जिथे तोड होते तिथे, आणि निम्मे लांब, अवघड जागी, जिथे तोड होत नाही किंवा कमी होते. देवराई असेल तर तिथेही एखादा घ्या. पट्ट्यातलं हिरड्याचं प्रत्येक झाड चार ढिगांत घाला: गुडघ्याच्या खालचं रोप, गुडघ्याच्या वर पण छातीच्या उंचीला घेर ३० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेलं, त्याहून जाड पण अजून फळ न धरलेलं, आणि फळ देणारं. निरोगी रानात रोपं पुष्कळ, मग कमी, मग आणखी कमी असा उतार दिसायला हवा. मधलाच एक ढीग रिकामा असेल तर रोपं येतात पण जगत नाहीत, म्हणजे चराई आणि वणव्याकडे बघा. पहिलाच ढीग रिकामा असेल तर बीच पडत नाही, आणि तिथे मी तोडीकडे बोट दाखवीन. लांबच्या पट्ट्यातही हीच गत असेल तर मात्र तोडीला दोष देण्याआधी दोनदा विचार करा.

ही मोजणी एकदाच करून भागत नाही. दर तीन-चार वर्षांनी त्याच पट्ट्यांत पुन्हा जा.

मोजणी आजचं सांगते, कालचं नाही. कालचं माणसांना विचारायचं. 'वनस्पती कमी झाली का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. व्यापारी असेल तर एक, वनरक्षक असेल तर दुसरं. मी विचारते ते असं: एक पोतं भरायला किती वेळ लागतो, आणि किती लांब जावं लागतं? अकोले तालुक्यातल्या एका आजीनं मला सांगितलं होतं, "आधी सकाळी गेलं की न्याहारीला माघारी. आता भाकरी बांधून न्यावी लागती." त्या बाजारात येणारा माल मात्र दहा वर्षं तेवढाच होता, कारण माणसं जास्त चालत होती. व्यापाऱ्याच्या वहीत घट दिसायला लागते तोवर रानात फार उशीर झालेला असतो. तुमच्या गावात व्यापारी आणि म्हातारी माणसं दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असण्याची शक्यता म्हणूनच मला मोठी वाटते. शिवाय तीन वयांच्या माणसांशी वेगवेगळं बोला. तरुण पोरांना आजचं रान हेच मूळ रान वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही.

बाजाराकडेही एक नजर हवी. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानं करवून घेतलेल्या २०१७ च्या अभ्यासात देशात १,१७८ वनस्पती व्यापारात असल्याची नोंद आहे आणि त्यातल्या २४२ वनस्पतींचा खप वर्षाला १०० टनांहून जास्त आहे. त्या २४२ मध्ये जिची लागवड होत नाही आणि जी रानातूनच येते, तिच्याबाबत आधी सावध व्हा. मागणी हळूहळू वाढली तर गाव जुळवून घेतं. ती एकदम वाढली, जशी करोनाच्या काळात गुळवेलीची वाढली, तर नवखी माणसं रानात शिरतात आणि चकती परत ठेवण्यासारखे जुने नेम त्यांना माहीतच नसतात.

आणखी एक गोष्ट बहुतेक तपासण्यांत सुटते: रान कोणाच्या ताब्यात आहे. जिथे कोणाचाच हक्क पक्का नाही तिथे 'मी नाही तोडलं तर दुसरा तोडेल' हा विचार अगदी शहाण्या माणसालाही करावा लागतो. मग आवळा कोवळाच उतरवला जातो, चारोळीही तशीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभा तोडीची तारीख ठरवू शकते आणि ती पाळली जाते. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावानं २००९ मध्ये असा हक्क मिळवला आणि आपल्या वनाचा कारभार स्वतः सांभाळून दाखवला. तुमचं रान भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर नियम वेगळे लागतील, ते आधी तपासा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर बरंचसं रान खाजगी मालकीचं आहे. तिथे मी सप्तरंगीच्या वेली मुळासकट खणलेल्या पाहिल्या, पण त्याच डोंगरावर पुढच्या वर्षी सगळं रानच कोळशासाठी साफ झालं. तिथे मुळं खणण्याचा प्रश्न दुय्यम ठरला. म्हणूनच तोड पूर्ण बंद करा असा सल्ला मी सहजासहजी देत नाही. कोकणातली जुनी बेहड्याची झाडं, ज्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, ती फळाला भाव असेल तर उभी राहतात. भाव नसेल तर लाकूड म्हणून जातात.

आता हे सगळं एकत्र कसं करायचं. अनेक पद्धतींत प्रत्येक मुद्द्याला गुण देऊन बेरीज करतात. मी बेरीज करत नाही, तुम्हीही करू नका असं मनापासून सांगते. समजा मुसळीचा प्रदेश मोठा, फुलं भरपूर, बीही रुजतं, म्हणून तिला चांगले गुण मिळाले. पण प्रत्येक रोप चकतीसकट खणलं जात असेल तर त्या चांगल्या गुणांनी काय वाचणार? एकच कच्चा दुवा पुरेसा असतो. म्हणून प्रत्येक वनस्पतीच्या समोर सर्वांत वाईट उत्तर कोणतं ते लिहा, आणि ते बदलणं गावाच्या हातात आहे का ते बघा. युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात १९९० च्या दशकात वनस्पती गोळा करणारे गावकरी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून अशीच झटपट पारख केली होती. कोणती वनस्पती गावानं घ्यायला हरकत नाही आणि कोणती नाही, हे ठरवायला वर्षानुवर्षांच्या संशोधनाची वाट पाहावी लागली नाही.

तुमच्या पाच वनस्पतींबद्दल, रान न पाहता, माझा अंदाज असा. नरक्या मुळासकट जात असेल तर तो आजच थांबवा, त्यासाठी मोजणीची वाट पाहू नका. मुसळी आणि वावडिंग यांचा धोका पद्धतीत आहे, आणि पद्धत गोळा करणाऱ्यांशी बोलून बदलता येते. पंधरा-वीस माणसांना बोलवा, त्यांच्यातल्याच जाणत्याला दाखवू द्या. गुळवेलीची मला सर्वांत कमी काळजी वाटते, फक्त काही मोठ्या वेली, नर आणि मादी दोन्ही, राखून ठेवा. हिरड्याला आज काही होणार नाही, पण पुढची पिढी नसेल तर तीस-चाळीस वर्षांनी एकदम कळेल, आणि तेव्हा करण्यासारखं काही नसेल. प्रत्येक पट्ट्यातली दोन-तीन जोमदार झाडं बाळहिरड्यासाठी न उतरवता पिकू द्यायची, आणि त्याखालची जागा काट्यांनी वेढून गुरांपासून राखायची, एवढं तुमची समिती या वर्षीच ठरवू शकते. कोणाची झाडं राखायची यावरून भांडण होईल. ते ग्रामसभेत होऊ द्या, दर दोन वर्षांनी झाडं बदलली की वाटणी सारखी होते.

वेळेचं शेवटचं. मुसळी पावसातच मोजावी लागेल, पानं सुकली की ती जमिनीवर दिसतच नाही. हिरडा आणि नरक्याचे पट्टे पाऊस उघडल्यावर, गवत वाळायच्या आत घ्या, त्या वर्षीची रोपं तेव्हाच नीट दिसतात. वावडिंगाचे नमुने फळांवर असताना काढा. पहिल्या चार पट्ट्यांचे आकडे आले की इथेच लिहा, रोपांचा ढीग आणि फळधारी झाडांचा ढीग वेगळा ठेवून. त्यावरून पुढचे पट्टे कुठे घ्यायचे ते आपण मिळून ठरवू.